लावलेली झाडे मोजू नका, जगलेला काठ मोजा



गायरानातून, म्हणजे विदर्भात ज्याला आपण ई-क्लास म्हणतो त्या जमिनीतून वाहणाऱ्या नाल्याच्या दोन्ही काठांवर चराई बंद करायची, तिथे गवत-झाडे वाढवायची आणि नाला पुन्हा जिवंत करायचा, अशा योजना गावोगाव येत असतात. कुठे त्या वनीकरणाच्या नावाने येतात, कुठे पाणलोटाच्या, कुठे एखाद्या कंपनीच्या सामाजिक खर्चातून. फलक लागतो, खड्डे खोदले जातात, पाहुण्यांच्या हस्ते रोपाला पाणी घातले जाते, फोटो निघतो आणि मस्टर बंद होते. तीन उन्हाळ्यांनंतर त्या काठावर काय उरले हे विचारायला कोणी येत नाही. दुर्दैव असे की गावही विचारत नाही.

या अंकात आपल्याला एवढाच प्रश्न घ्यायचा आहे. काठ सुधारला की नाही, हे ठरवायचे कशावरून आणि ठरवायचे कोणी?

आपला झाडांना विरोध नाही. नाल्याकाठी ज्याचे शेत आहे त्याला कोणी पर्यावरणाचे व्याख्यान द्यायची गरज नाही. काळ्या जमिनीचा काठ उघडा पडला की दर पुराला हातभर दरड ढासळते, धुरा जातो, धुऱ्यामागे पऱ्हाटीच्या दोन ओळी जातात, आणि सातबारावर मात्र क्षेत्र तेवढेच राहते. नाल्याच्या पट्ट्यातल्या विहिरींना डिसेंबरनंतर किती पाणी राहील, हेही बऱ्याच अंशी त्या नाल्यात पाणी किती दिवस टिकते यावर अवलंबून असते. काठावरचे गवत पुराच्या पाण्याचा वेग तोडते, गाळ धरते, मुळांनी माती बांधून ठेवते. काठ जगावा हा आपल्याच फायद्याचा सौदा आहे.

पण सौदा म्हटला की दोन बाजूंचा हिशेब आला. गायरानातले सगळ्यात चांगले गवत नाल्याकाठीच असते, कारण ओल तिथे शेवटपर्यंत टिकते. तोच पट्टा बंद केला तर फटका बसतो तो चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईला, आणि कडबा संपल्यावर बैलजोडी जगवायची कशी या विवंचनेत असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला. नुकसान पहिल्या दिवसापासून सुरू होते आणि ते नक्की असते. फायदा पाच-दहा वर्षांनी मिळेल, असे नुसते सांगितले जाते. अशा व्यवहारात फायद्याची मोजणी होत नसेल तर ती गरिबाच्या चाऱ्यावर बसवलेली पट्टी आहे, आणि तिची पावतीसुद्धा मिळत नाही.

आता गुरांचा दोष किती ते पाहू. दोष जनावराच्या जातीचा नाही, संख्येचा आणि वेळेचा आहे. हिवाळा सरला की माळ वाळतो आणि सगळ्या गावची गुरे पाण्याला आणि हिरव्याला म्हणून एकाच पट्ट्यात गोळा होतात. माळाच्या एकरावर जेवढा भार पडतो त्याच्या कितीतरी पट भार काठाच्या एकरावर पडतो. पावसाळ्यात ओल्या चिकण मातीत खुरे रुततात आणि काठ तुटतो. गवत बी धरण्याआधीच खुडले जाते, करंज-जांभळाचे आपोआप उगवलेले रोप दुसरे पान फुटायच्या आत शेळीच्या तोंडात जाते. जुनी झाडे उभी असतात म्हणून काठ हिरवा दिसतो, पण त्यांच्याखाली नवी पिढी नसते. म्हातारे उंबर पडले की काठ संपला.

हे सगळ्या कोरड्या मुलखांत घडले आहे. म्हणून एक परदेशी उदाहरण घेऊ. सॅन पेद्रो ही नदी मेक्सिकोत उगम पावते आणि उत्तरेकडे अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात जाते. मुलूख आपल्यापेक्षाही कोरडा आणि पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारण्याचा. तिथल्या सरकारने नदीकाठची जमीन ताब्यात घेतली, १९८७ च्या अखेरीस गुरे बाहेर काढली आणि १९८८ मध्ये सुमारे ६४ किलोमीटर लांबीचा, सुमारे ५७ हजार एकरांचा पट्टा संरक्षित जाहीर केला.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. गुरे काढण्याच्या आधी, १९८६ मध्येच, त्यांनी मोजणी सुरू केली होती. काठावर ठरलेल्या वाटेने दरवर्षी चालायचे, दिसतील-ऐकू येतील ते पक्षी मोजायचे आणि गवताची दाटी नोंदवायची. गुरे गेल्यावर थोड्याच वर्षांत खालच्या थरातल्या गवत-वनस्पतींची दाटी चार ते सहा पट झाली. किलोमीटरमागे १९८६ मध्ये १०३ पक्षी नोंदले गेले होते, ते १९९१ मध्ये २२१ झाले. पक्षी का मोजायचे? कारण पक्ष्याला फलक वाचता येत नाही. त्याला बसायला झुडूप, खायला किडा आणि घरट्याला आडोसा खरोखर मिळाला तरच तो येतो.

कोणी म्हणेल, पाऊस चांगला झाला असेल म्हणून पक्षी वाढले. ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर त्यांच्याजवळ होते. वाढलेल्या जातींपैकी फार थोड्या जाती त्याच काळात बाकीच्या ॲरिझोनात वाढल्याचे तिथल्या पक्षीगणनेत दिसले. शेजारच्या ज्या वाळवंटी भागात चराई चालूच होती, तिथल्या जातींची वाढ सगळ्यात कमी होती. म्हणजे फरक नुसत्या पावसाचा नव्हता.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. फवारणीचे नवे औषध आले की शहाणा माणूस चार ओळी कोऱ्या सोडतो. सगळेच शेत फवारले आणि किडा गेला, तर औषधाने गेला की आपसूक गेला हे कळणार कसे? कृषी महाविद्यालयात याला कंट्रोल प्लॉट म्हणतात. औषध विकणारा आपले झगमगीत शिवार दाखवतो आणि कोऱ्या ओळींचे नाव काढत नाही. नाल्याच्या योजनांचे नेमके हेच झाले आहे. बंद केलेला पट्टा दाखवतात. शेजारचा न बंद केलेला पट्टा कोणी मोजत नाही, आणि बंद करण्याआधीचा काठ कसा होता याचीही नोंद नसते.

सॅन पेद्रोचे दोन धडे आणखी आहेत. पहिला असा की ते गवत कोणी लावले नव्हते. मातीत बी आणि मुळे शिल्लक असतील तर नुसती विश्रांती पुष्कळ काम करते. आपल्याकडे मात्र अंदाजपत्रक खड्ड्यांचे होते, कारण खड्डा मोजून बिल निघते आणि विश्रांतीचे बिल निघत नाही. दुसरा धडा कडू आहे. त्या नदीच्या आसपासच्या वस्त्यांनी विहिरींतून उपसा वाढवल्यामुळे नदीच्या खालचे पाणीच धोक्यात आले. म्हणजे गुरे हटवली तरी उपशाचा प्रश्न सुटत नाही. उद्या नाला आटल्याचे खापर कोणी शेळीवर फोडू लागला, तर बोअर किती झाले तेही त्याच वहीत लिहिलेले असावे.

आणखी एक फरक विसरता कामा नये. तिथे मोठे क्षेत्र सरकारने घेतले आणि कुंपण घातले. आपल्या गायरानावर गावाची चूल अवलंबून आहे. म्हणून बंदी तिथल्यासारखी करता येणार नाही. मोजणी मात्र तिथल्यासारखीच करता येईल.

शेतकऱ्यांनी स्वतः मोजणी केल्याचे उदाहरण न्यूझीलंडमधले आहे. तो देश ओला आहे, धंदा दुधाचा आहे, तेव्हा त्यांची झाडे आणि त्यांचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू नाहीत. पद्धत लागू आहे. तारानाकी भागात १९९३ पासून प्रादेशिक परिषद शेतकऱ्याला त्याच्या ओढ्याचा आराखडा करून देते, रोपे रास्त दरात पुरवते, आणि कुंपण-लागवड शेतकरी स्वतः करतो. आजवर तिथे ५० लाखांहून जास्त रोपे लागली आहेत. परिषद ओढ्यांच्या पाण्याच्या आणि पाण्यातल्या किड्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवत होती, म्हणून २०१८ मध्ये त्यांचा हिशेब मांडता आला. वरच्या बाजूला जिथे काठ राखला गेला होता तिथे खाली घाणीचे जंतू कमी आणि पाण्यातले जीवन सुधारलेले आढळले.

त्याहून महत्त्वाचे पाऊल १९९८ मध्ये पडले. तिथल्या शेतकऱ्यांच्या महासंघाने पाणी-संशोधन संस्थेबरोबर बसून शेतकऱ्याला स्वतः वापरता येईल असा मोजणीचा संच तयार करून घेतला. त्यात एक मीटर लांबीची पारदर्शक नळी आहे. ओढ्याचे पाणी तिच्यात भरायचे आणि आतली काळी चकती किती अंतरापर्यंत दिसते ते वाचायचे. बाकी दगडाखालचे किडे, शेवाळ, तळाचा गाळ. संघटित शेतकऱ्यांनी हे का केले असेल? कारण ओढे खराब केल्याचा आरोप त्यांच्यावर होत होता, आणि स्वतःजवळ आकडा नसला की दुसऱ्याचा आकडा मान्य करावा लागतो.

त्याच देशातल्या वायकाटो भागात २ ते २४ वर्षे वयाच्या नऊ राखलेल्या काठांची पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. पाण्याचा नितळपणा आणि काठाचा मजबूतपणा लवकर सुधारलेला दिसला. पाण्यातले किडे मात्र बहुतेक ठिकाणी जंगलातल्या ओढ्यासारखे झाले नव्हते. त्यांना थंड पाणी लागते, थंड पाण्याला सावली लागते, सावलीला मोठी झाडे आणि लांब सलग पट्टा लागतो. वरचा काठ उघडा ठेवून खाली दोनशे मीटरची तुकडेबाजी केली तर हे होत नाही. आणखी एक इशारा तिथल्या अभ्यासकांनी दिला आहे. दाट सावली झाली की काठावरचे गवत मरते, गवताने धरलेली माती सुटते आणि ओढा काही वर्षे रुंदावतो. म्हणजे चांगल्या कामातही मधले काही दिवस बिघाडासारखे दिसतात. गवताची, झाडाची आणि पाण्याची सुधारणा वेगवेगळ्या वेळी येते. दुसऱ्या वर्षी फोटो दाखवून जिंकलो म्हणणारा आणि दुसऱ्याच वर्षी फसले म्हणून कुंपण मोडणारा, दोघेही घाई करतात.

आता आपल्या महाराष्ट्राकडे पाहा. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी झाडे लावण्याचे लक्ष्य होते. आकडा लावण्याचा होता, जगवण्याचा नव्हता. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार आले आणि नाल्यांचे खोलीकरण-रुंदीकरण धडाक्याने झाले. अनेक ठिकाणी यंत्राने काठावरची झुडपे आणि गवतही खरवडून नेले. २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी सांगितले की सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्चूनही भूजल वाढवण्यात योजनेचा फारसा परिणाम दिसला नाही. योजना आणणाऱ्यांनी हे अमान्य केले. दोघांच्या भांडणात गावाजवळ स्वतःची वही असती तर गाव साक्षीला उभे राहिले असते. तशी वही ठेवता येते हे नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) हिवरे बाजारने दाखवले आहे. चराईबंदी तिथेही आहे, पण तिच्या जोडीला पर्जन्यमापक आहे, विहिरींची पातळी आहे आणि दरवर्षी गावासमोर मांडलेला पाण्याचा ताळेबंद आहे. कोणते पीक घ्यायचे हे त्या ताळेबंदावरून ठरते.

मग आपण काय मोजायचे? आपला नाला चार महिने वाहणारा, तेव्हा मोजणीही आपल्या नाल्याच्या बेताची हवी. दोरी, टेप, बांबू, दोन बाटल्या आणि वही एवढे सामान पुरे.

एक, शंभर पावले. काठाच्या कडेने शंभर पावले चालायची. प्रत्येक पावलाला अंगठ्याच्या टोकाशी काय आहे ते लिहायचे: गवत, उघडी माती, दगड, पालापाचोळा की तण. शंभरात गवत किती तेवढे टक्के, वेगळे गणित नको. गवताचे नावही लिहायचे. मारवेल, पवना आले तर काठ सुधारतो आहे. बेशरम, घाणेरी, गाजरगवत, वेडी बाभूळ वाढली तर फोटोत काठ हिरवाच दिसेल, पण तो हिरवेपणा ना गुराच्या कामाचा ना मातीच्या.

दोन, रोपे. लावलेली वेगळी मोजायची, आपोआप उगवलेली वेगळी. लावलेल्या रोपाची खरी मोजणी दुसरा उन्हाळा काढल्यावर. करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन, निर्गुडी, शिंदी आपोआप उगवू लागली असतील तर काठाने स्वतःचा संसार मांडला असे समजायचे.

तीन, नाल्याचा छेद. दोन्ही काठांवर पुराच्या रेषेबाहेर पक्के दगड रोवायचे, त्यांच्यामध्ये दोरी ताणून समपातळीत बांधायची आणि दर अर्ध्या मीटरला दोरीपासून तळापर्यंतचे अंतर लिहायचे. पुढच्या वर्षी तीच दोरी, तेच दगड. काठ सरकला की भरला, हे बोटाने दाखवता येईल.

चार, गाळ. पूर आला की पट्ट्याच्या वरच्या टोकाला एक आणि खालच्या टोकाला एक अशा सारख्या बाटल्या एकाच वेळी भरायच्या. एक दिवस स्थिर ठेवून तळाशी बसलेला गाळ पट्टीने मोजायचा. भरताना जीव सांभाळा, काठावरूनच भरा.

पाच, पाणी. नाल्याचा प्रवाह कोणत्या तारखेला थांबला आणि डबके कोणत्या तारखेला आटले हे लिहायचे. पट्ट्यातल्या दोन विहिरींची पातळी महिन्यातून एकदा घ्यायची. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, पण ती विहीर तुमच्याच नाल्यावर असेल असे नाही. पाऊस मात्र रोज लिहावा, नाहीतर या आकड्यांचा अर्थ लागणार नाही.

सहा, चारा. बंद पट्ट्यातून किती पेंढ्या कापून नेल्या आणि कोणी नेल्या. हा रकाना सरकारी तक्त्यात नसतो, आपल्या वहीत तो पहिला असावा. ज्यांची चराई गेली त्यांच्या घरी चारा पोचला नाही, तर काठ कितीही हिरवा असो, योजना फसली असे लिहायचे.

ही सगळी मोजणी वर्षातून दोनदा, एकदा दिवाळीच्या सुमारास आणि एकदा मृगाच्या आधी, मे संपताना. फोटो ठरलेल्या दगडावर उभे राहून त्याच दिशेने काढायचा. आणि सर्वात पहिली मोजणी काठ बंद करण्याच्या आधी, बंद होणारा आणि चालू राहणारा अशा दोन्ही तुकड्यांवर. ती एक संधी हुकली की पुन्हा मिळत नाही.

हे काम शास्त्रज्ञांचे आहे, आपल्याला कसे जमेल, असे कोणी म्हणेल. गवताची नावे पदवीधरापेक्षा गुराख्याला जास्त येतात, हे मी पदवी घेतलेला माणूस सांगतो. गुराखी, शेळ्या राखणारी बाई, शाळेतली दोन मुले आणि नाल्याकाठचा एक शेतकरी एवढी माणसे बस झाली. ज्यांचे नुकसान होणार त्यांच्याच हाती मोजपट्टी असली म्हणजे आकडा फुगवताही येत नाही आणि दडपताही येत नाही.

बंदी कायमची का, हा सगळ्यात बोचणारा प्रश्न. त्याचे उत्तरही वहीत आहे. शंभर पावलांत गवत किती झाले म्हणजे काठ मोकळा करायचा, तो आकडा ग्रामसभेने बंदीच्या ठरावातच लिहावा. कापून नेण्याचा हक्क पहिल्या वर्षापासून असावा. पुढे गवताने बी टाकल्यावर, जमीन वाळल्यावर, ठरलेले दिवस ठरलेली गुरे सोडावीत आणि आकडा घसरला की थांबवावे. मोजणीशिवाय घातलेली बंदी वनरक्षकाच्या मर्जीने चालते, आणि मोजणीशिवाय उठवलेली बंदी गावातल्या दांडग्याच्या.

येत्या जिल्हा बैठकीत चर्चेसाठी पाच मुद्दे ठेवत आहोत. पहिली मोजणी झाल्याशिवाय गायरानातला एकही काठ बंद करू दिला जाणार नाही. प्रत्येक कामात तुलनेचा उघडा तुकडा राखला जाईल. लागवडीच्या फलकावर लावलेल्या रोपांशेजारी दुसऱ्या उन्हाळ्यानंतर जगलेल्या रोपांचा आकडा लिहावा लागेल. कापणीच्या चाऱ्यावर पहिला हक्क भूमिहीन आणि शेळ्या राखणाऱ्यांचा राहील. आणि मे महिन्याची मोजणी १५ ऑगस्टच्या, दिवाळीची मोजणी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचली जाईल, तिची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक आपल्याजवळ राहील.

या मुद्द्यांवर आपापल्या गावात बोलून या. शक्य असेल त्यांनी बैठकीला येण्याआधी आपल्या नाल्यावर शंभर पावले चालून पाहावीत आणि आकडा सोबत आणावा.